मधलं नाव

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीचा शाळेचा फॉर्म मीच भरला होता. वैशाली नगरातली खाजगी शाळा, गरीब मुलांसाठी राखीव जागा, फी सरकार भरणार. सोडतीत नंबर लागला तेव्हा तिच्या आईपेक्षा जास्त मीच मिरवलं.

कागद तपासायच्या शेवटच्या दिवशी शाळेतल्या क्लार्कनं फॉर्म परत सरकवला. "नाम अलग है, मैडम." जन्मदाखल्यावर मुलीचं नाव आणि आडनाव, एवढंच. फॉर्मवर मात्र मध्ये बापाचं नाव. अगं बाई! आम्ही साताऱ्याकडची माणसं. आमच्यात पोराचं नाव लिहायचं म्हणजे मध्ये वडील आलेच, हात आपोआप तसाच चालला. इथे उत्तरेकडे ती पद्धतच नाही. वडिलांसाठी खाली वेगळा रकाना होता, आणि तोही मी शहाणीनं भरला होता!

एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीची जागा घालवणार का, म्हणून मी भांडायलाच उठले. तो शांतपणे म्हणाला, पाचपर्यंत ऑनलाइन दुरुस्ती करा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाईल. साडेचार वाजले होते.

मोबाइलवर साइट उघडेना. उघडली तर ओटीपी गेला मुलीच्या बापाच्या फोनवर, आणि तो शहराबाहेर कानोत्याला फरशी बसवायच्या कामावर. रिंग जात होती, उचलत नव्हता. बाई मुलीचा हात घट्ट धरून भिंतीपाशी उभी होती. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सहाव्यांदा त्यानं उचलला. मागे फरशी कापायच्या मशीनचा कर्कश आवाज. "पहले मशीन बंद करो, भैया!" मी किंचाळले. अख्खं ऑफिस बघायला लागलं. त्यानं एकेक आकडा सांगितला. मधलं नाव खोडलं. पाचला दहा कमी असताना दुरुस्ती मान्य झाली, क्लार्कनं शिक्का मारला, आणि मी धपकन खुर्चीत बसले.

बाई पुढे आली. "दीदी, अब पूरा पढ़के सुना दो. क्या-क्या लिखा है."

मी वाचायला लागले. नाव, जन्मतारीख, पत्ता. पत्त्यापाशी तिनं थांबवलं, गल्लीचा नंबर पुन्हा विचारून घेतला. महिनाभर मी तिच्या पोरीचं कल्याण केल्याच्या तोऱ्यात वावरत होते, आणि तो फॉर्म तिला एकदाही वाचून दाखवला नव्हता. मान वर करायची लाज वाटली मला.