एकाच रक्ताचे दोन रिपोर्ट

जन्मदाखल्यावर आणि आधार कार्डावर मी स्त्री आहे. गेली चार वर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो. दाढी आली आहे, आवाज उतरला आहे. गिरीज गावातल्या केळीच्या वाडीत आई आणि मी राहतो. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केळीचा घड उतरवताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आईने दाढीवरून कधी वाद घातला नाही. एक अट मात्र घातली. रक्ताच्या तपासणीत हृदयाला धोका दिसला तर इंजेक्शन बंद. मी ती मान्य केली होती.

यंदाचा रिपोर्ट आणायला आम्ही दोघं नालासोपाऱ्याच्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"दादा, सिस्टीममध्ये फिमेल पडलंय. बदलू?"

"बदलून काय होईल?"

"रक्त तेच. फक्त नॉर्मल बदलेल."

तिने दोन्ही छापून दिले. मर्यादेबाहेरचे आकडे ठळक अक्षरांत येतात. स्त्रीच्या रिपोर्टात तीन ओळी ठळक होत्या: हिमोग्लोबिन जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल कमी, वाईट कोलेस्टेरॉल जास्त. पुरुषाच्या रिपोर्टात फक्त शेवटची. आईने दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरून ठळक ओळी मोजल्या.

"बाईपेक्षा बाप्याची तब्येत बरी आहे. हाच नेऊ."

"आई, दोन्ही माझेच आहेत."

"ते कळतं मला. बरा कुठला ते सांगतेय."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन्ही ठेवून घेतले आणि दोन्हींत ठळक असलेल्या ओळीवर बोट ठेवलं. वाईट कोलेस्टेरॉल बाई-पुरुष बघत नाही, म्हणाल्या. वडिलांचं असं झालेलं, त्यामुळे ते कमी करायची गोळी रोज घ्यावी लागेल. ही गोळी गरोदरपणात सहसा देत नाहीत, म्हणून त्यांनी विचारलं, "मूल होऊ देण्याचा काही विचार?"

माझ्याआधी आईने उत्तर दिलं. "अजून लग्नाचंच बघितलं नाही."

डॉक्टरबाईंनी "नाही" असं लिहून घेतलं.

मग आईने ज्यासाठी ती आली होती ते विचारलं. "म्हणजे सुई बंद ना?"

"सुईने आकडे हलतात, हे खरं. म्हणून तर तपासतो. पण याचे वडील सुई घेत होते का?"

"ते कशाला घेतील?"

"तरी झालंच ना. आता दोन्ही चालू ठेवायचं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त."

परतताना रिक्षात आईने गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवलं. घर जवळ आल्यावर म्हणाली, "नीट ऐक. गोळी चुकली तर सुई बंद."

तीन महिन्यांनी आकडा खाली आला. अट उठली नाही. जेवण झालं की ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहते आणि गोळी गिळल्यावर मला तोंड उघडायला लावते. मी एकोणचाळीस वर्षांचा आहे.

"जीभ वर कर," ती म्हणते.