तक्रार क्रमांक एकशे पंधरा

आमच्या शेजारच्या बाईंनी एका ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला वर पोचवलं, ही बातमी रविवारी सकाळी आमच्या इमारतीत फुटली आणि चहाच्या आत दूधवाल्यापर्यंत गेली. कुणी फोडली ते विचारू नये. त्यांची आणि आमची भिंत एक आहे, ती पातळ आहे, आणि बाई लेकीशी फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज आहे की नाही अशी शंका येते. "आज मी स्वतः त्यांना वर पोचवून आले, तेव्हा कुठं बरं वाटलं," हे वाक्य शनिवारी रात्री मी माझ्या कानांनी ऐकलं. यावर माणसानं काय समजायचं? वरच्या वकिलीणबाईंनी तर कलम कुठलं लागेल तेही सांगून टाकलं.

सोमवारी संध्याकाळी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडे गेले आणि खरं काय ते कळलं. वर म्हणजे वरच्या मजल्यावर. लिफ्टनं. म्हातारा ठणठणीत आहे. ही दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी सगळीकडे सांगितली, पण बातमी पळत जाते आणि दुरुस्ती काठी टेकत जाते. दूधवाला अजून बाईंच्या दारात पिशवी ठेवून मागं न बघता निघतो.

बाईंना आम्ही खिडकी म्हणतो. तोंडावर नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे त्या सव्वीस वर्षं बसल्या. पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, पाणी आलं पण शेजाऱ्याकडे जास्त आलं, हे सगळं त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. प्रत्येकाला नंबर दिला. नळ दुरुस्त झाला की नाही हा वेगळा विषय, पण नंबर मिळाला की माणूस निम्मा थंड होऊन घरी जायचा. निवृत्तीनंतर सहा महिने त्यांनी आमच्या इमारतीचं पाणी, जिना, कचरा आणि सुना यांची देखरेख केली. सातव्या महिन्यात त्यांना वृद्धाश्रमात काम मिळालं, तेव्हा सुनांनी समाधानाचा निःश्वास सोडला.

तिथं त्यांच्या कामाला कागदावर लांबलचक नाव आहे. मतलब एवढाच, की म्हाताऱ्यांशी बोलायचं, त्यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं, कुणी कोपऱ्यात जाऊन बसू नये हे बघायचं. त्यांच्या आधी जी मुलगी होती ती टाळ्या वाजवून घ्यायची आणि रंगीत फुगे आणायची. म्हातारे फुग्यांकडे बघायचे, फुगे म्हाताऱ्यांकडे. बाईंनी पहिल्याच दिवशी फुगे माळ्याकडे दिले, जेवणघराच्या दाराशी एक टेबल लावलं, आणि त्यावर पाटी ठेवली: 'तक्रार. दहा ते अकरा.'

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, चहा पांचट असतो म्हणाल्या. बाईंनी लिहून घेतलं, नंबर दिला. आजी नंबर मुठीत धरून गेल्या आणि चौघींना घेऊन आल्या. पंधरा दिवसांत रांग लागायला लागली. गुडघा, उशी, मुलाचा फोन, सुनेचा फोन, बायकोनं चाळीस वर्षांपूर्वी मारलेला टोमणा. रांगेत उभे राहता राहता म्हाताऱ्यांच्या आपसात ओळखी झाल्या, कारण तक्रार करताना पुढच्याची ऐकायला मिळते आणि आपली त्याहून मोठी आहे हे सांगावंच लागतं.

आश्रमाच्या व्यवस्थापकांना हे पटत नव्हतं. ते वयानं बाईंपेक्षा लहान, स्वभावानं बरे, पण महिन्याच्या अहवालाला भिऊन असणारे. "बाई, पूर्वी महिन्याला तीन तक्रारी असायच्या. आता शंभरावर गेल्या. वरिष्ठ मला काय म्हणतील?"

"म्हणतील, लोक जागे झाले," बाई म्हणाल्या. "आमच्या ऑफिसात एखादा नेहमीचा तक्रारवाला यायचा बंद झाला, की आम्ही माणूस पाठवायचो. बहुतेक वेळा घराला कुलूप असायचं."

आता पेंटर आणि मास्तर.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. अक्षरं अशी, की दुकान चालो न चालो, पाटी बघायला लोक थांबत. आश्रमातल्या सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. जिन्याजवळची 'विश्रांती विभाग' ही पाटीसुद्धा. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोल्या आहेत, त्यांचं ते कागदोपत्री नाव. मास्तर म्हणजे गणिताचे. दोघे तळमजल्यावर एका खोलीत तीन वर्षं राहिले आणि तीन वर्षं पंख्यावरून भांडले. पेंटरांना पंखा दोनवर हवा, सांधे धरतात. मास्तरांना चारवर हवा, वाऱ्याशिवाय डोकं चालत नाही.

"डोकं चालवून आता कुठं जायचंय तुला?" पेंटर म्हणायचे.

"तुझे सांधे कुठल्या शर्यतीत धावणार आहेत?" मास्तर म्हणायचे.

मग एक जण उठून चारवर करायचा, दुसरा उठून दोनवर. दिवसातून वीसेक वेळा. दोघांचाही तेवढाच व्यायाम.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, रुग्णवाहिका आली, ते गेले. दहा दिवसांनी त्यांना परत आणलं ते मागच्या लिफ्टनं सरळ विश्रांती विभागात. त्यांची ट्रंक न्यायला मावशी खोलीत आल्या. मावशी म्हणजे तिथं सफाईचं आणि उठवण्या-बसवण्याचं काम करणाऱ्या. नव्याच होत्या. पेंटरांनी विचारलं, "मास्तर?"

मावशी चादर ओढता ओढता म्हणाल्या, "ते वर गेले, काका."

तिथल्या लोकांच्या तोंडात दिवसभर तेच असतं. अमके वर गेले, तमक्यांची खीर वर गेली, वरचे कपडे धुवायला आले. बोलून बोलून त्यांना ते ऐकूच येईनासं झालं होतं. पेंटरांना मात्र स्पष्ट ऐकू गेलं. त्यांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, पंखा चारवर केला, भिंतीकडे तोंड केलं आणि अंगावर पांघरूण घेतलं.

त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत. जेवण अर्धं, चहा गार. नर्सच्या वहीत रोज एकच शब्द: 'शांत.' बाईंना तो शब्द आवडला नाही, पण त्यांनीही चूक केलीच. बुधवारी त्या वरच्या मजल्यावर फेरी मारतात. तिथं मास्तरांनी तक्रार नोंदवली, क्रमांक अठ्ठ्याण्णव: 'खालच्या खोलीतला एक इसम भेटायला येत नाही. पंख्याचा राग असावा.' बाईंनी खाली येऊन पेंटरांच्या पाठीला सांगितलं, "काका, मास्तर आठवण काढतायत." पाठ हलली नाही. बाईंनी मनात म्हटलं, रुसवा आहे, चालू द्या. सव्वीस वर्षं खिडकीत बसूनही समोरच्याला ऐकू येतंय का, एवढं त्यांनी बघितलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना उगाच साखरेचा डबा पुसतात.

गेल्या गुरुवारी व्यवस्थापकांनी निर्णय सांगितला. पेंटर अंथरूण सोडत नाहीत, तळमजल्यासाठी थांबलेल्यांची यादी मोठी आहे, सोमवारी त्यांना वर हलवायचं.

"चालणारा माणूस वर गेला की महिन्याभरात चालायचं विसरतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला माहितीये. वरून खाली आलेला एक दाखवा."

"मग तुम्ही उठवा त्यांना. चार दिवस आहेत."

व्यवस्थापकांनी माणुसकी म्हणून पेंटरांना स्वतः जाऊन कळवलं. ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवलं: 'सोमवारी तुम्हाला वर नेणार. काळजी करू नका.' पेंटरांनी कागद वाचला, घडी केली आणि उशाखाली ठेवला. काळजी केल्यासारखे अजिबात दिसले नाहीत.

शुक्रवारी बाईंनी एक कोरी पाटी आणि रंगाचे डबे नेऊन ठेवले. पेंटरांनी हातही लावला नाही, फुग्यांची जी गत झाली तीच. मात्र बाहेर पडताना त्यांना गारवा लागला. त्यांनी वर बघितलं. पंखा चारवर, आणि दोनवाला माणूस दोन पांघरुणांत. त्यांनी पंखा दोनवर केला. पेंटर उठले, भिंतीला धरत बटणापर्यंत आले, पंखा चारवर केला आणि परत जाऊन झोपले. महिन्याभरात त्यांनी आपणहून टाकलेली ती पहिली सहा पावलं. बाईंनी ती मोजली, पण गणित सुटेना.

शनिवारी सकाळी माळी कुंड्यांवर रोपांची नावं रंगवताना दिसला. हातात पेंटरांचे ब्रश. पेंटर ते ब्रश कुणाला हातही लावू देत नसत.

"हे कुठून आले?"

"काकांनी दिले. स्वेटर मावशीला दिला. म्हणाले, सोमवारनंतर लागणार नाही."

बाईंनी टेबल उचललं. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं माळी. दहाची वेळ होती, जेवणघराशी रांग लागली होती, रांगेतल्या आजी म्हणाल्या, "अहो, तक्रार चालली कुठं?" टेबल पेंटरांच्या खोलीत लागलं, त्यांच्या खाटेला लागून. बाई बसल्या. वही उघडली, क्रमांक एकशे पंधरा घातला, वही पेन्सिलीसकट त्यांच्या छातीवर ठेवली आणि स्वतः मटार सोलायला घेतले. आधी नंबर, मग वाट बघायची, ही त्यांची जुनी पद्धत. नंबर मिळाला की माणसाला गप्प बसवत नाही.

पाव किलो मटार सोलून झाले तेव्हा पेंटर उठून बसले. लिहायला त्यांना वेळ लागला, कारण आडव्या रेघा आधी आखल्या. मग ठसठशीत अक्षरांत, उजवीकडे सावली देऊन, लिहिलं: 'स्वयंपाकघरातलं मांजर मेलं तेव्हा सूचनांच्या फळ्यावर दोन ओळी होत्या. माणूस गेला तर एकही नाही.'

बाईंनी वाचलं. खाली लिहिलं, 'कोण गेलं?'

पेंटरांनी रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

बाईंनी डबी उघडली, यंत्र पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घातलं.

"मास्तर वर आहेत," बाई म्हणाल्या.

"माहितीये."

"वर म्हणजे वरच्या मजल्यावर, काका. तुमच्याच पाटीच्या मागं. खुब्यात सळई घातलीये. रोज विचारतात, पेंटर का येत नाही."

पेंटरांनी उशाखालचा कागद काढून घडी उघडली. मग म्हणाले, "मग मला सोमवारी कुठं नेणार होते?"

"तिथंच."

"एवढंच? मी म्हटलं, यांना तारीख कशी कळली."

मग ते उठले आणि पंखा दोनवर केला. माळ्याला म्हणाले, "ब्रश धुऊन आण." स्वेटर मात्र मावशींनी परत दिला नाही, दिलेलं परत घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

बाई त्यांना लिफ्टनं वर घेऊन गेल्या. तेच ते वर पोचवणं. मास्तर उशीला टेकून बसले होते. त्यांनी चष्मा चढवला.

"दोन महिने लागले एक जिना चढायला?"

"तू मेला होतास," पेंटर म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"मावशीनं."

"आणि तू खात्री नाही केलीस. म्हणून तुला गणितात कधी पास केलं नसतं."

पेंटर खुर्चीवर बसले, वर बघितलं आणि म्हणाले, "चारवर? इथंही?" आणि उठून पंखा दोनवर केला. मास्तरांना उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बेल दाबली. मावशी आल्या, त्यांनी चारवर केला. पेंटरांनी दोनवर. असं अकरा वेळा झालं.

सोमवारी सकाळी व्यवस्थापक चाकाची खुर्ची घेऊन खोलीत गेले, तर खाट रिकामी. पेंटर जिन्यानं, कठडा धरून, वर पोचले होते. उतरताना लिफ्ट घेईन म्हणाले. त्यांचं नाव तळमजल्याच्या यादीत राहिलं. मावशींना ताकीद मिळाली की यापुढं 'वर' म्हणायचं नाही, 'विश्रांती विभागात' म्हणायचं. मावशी म्हणाल्या, ते तर त्याहून वाईट ऐकू येतं.

आणि दुपारी व्यवस्थापक बाईंच्या टेबलाशी आले. रांगेत उभे राहिले, नंबरही घेतला. एकशे एकवीस.

"बाई, पेंटरांचं झालं ते चांगलं झालं. पण बेल सारखी वाजते. नर्स वैतागलीये. हे पंख्याचं भांडण तुम्हीच लावलंत, आता तुम्हीच मिटवा. मी साधा उपाय सांगतो. पंखा तीनवर ठेवायचा आणि बटण काढून टाकायचं. विषय संपला."

बाईंनी तक्रार लिहून घेतली. मग मान वर केली, जी त्या सहसा करत नाहीत, आणि म्हणाल्या, "तीनवर ठेवला, तर उद्या ते जिना कशाला चढतील?"