मामाशिवाय जावळ नाही

पाचोडच्या बाजारात एका म्हातारीने मला पाहुणा समजून चहा पाजला, तो दिवस आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगली अंगावर घेतल्या. पण कुणी ‘एक किस्सा सांगा’ म्हणाले की ओठांवर आधी हाच येतो. नावे मात्र सांगणार नाही. माणसे हयात आहेत, आणि म्हातारीची काठीही.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. छावणीत माहेरी राहणारी एक तरुण बाई भावाला घेऊन आली. घटस्फोट झालेला. अडीच वर्षांच्या मुलाचा ताबा कौटुंबिक न्यायालयाने तिला दिला होता. बापाला रविवारी भेटीची मुभा होती. अशाच एका रविवारी बापाने क्रांती चौकातून पोराला आइस्क्रीम खाऊ घालायला म्हणून नेले, ते परत आणलेच नाही.

“तुम्ही म्हणाल, कोर्टात जा,” ती म्हणाली. “मी जाऊन आले.” तिने आदेश टेबलावर ठेवला. मूल शोधून न्यायालयापुढे हजर करावे, असे पोलिसांना सांगितले होते. “साहेब, लेकरू लई लहान आहे. असेच दिवस गेले तर विसरंल मला.”

तिची भीती खरी होती. ताब्याच्या भांडणात वेळ हा सर्वांत हुशार वकील असतो. मूल लपवायचे, रुळू द्यायचे आणि मग कोर्टाला सांगायचे, ‘बघा, इथंच रमलंय.’

बापाला बोलावले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गॉगल.

“लेकरू कुठाय?”

“पुण्याला, बहिणीकडं.”

पुण्याला माणूस पाठवला. बहीण होती, मूल नव्हते.

“मग नाशकाला असंल, मावशीकडं. बाप हाय मी, साहेब. सोताचं लेकरू कुणी चोरतंय व्हय?”

“चोरत नाही. पण कोर्टाचा आदेश मोडतंय.”

तो हसला. कारण त्याला ठाऊक होते, घराणे मेंढपाळांचे. त्याची आई आणि थोरला भाऊ मेंढ्या घेऊन पैठण तालुक्यात, पाचोडच्या आसपास फिरत. आज या शेतात मेंढ्या बसवल्या, उद्या त्या शेतात. पत्ताच नसलेल्या घराची झडती कशी घेणार?

तेवढ्यात, बापाच्या आईवर नजर ठेवायला सांगितलेल्या, पाचोडच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. “साहब, वो बुढ्ढी आयी थी. टॉवेल लिया, टोपी लिया, नारियल लिया. फिर भीड में गुम.”

टॉवेल, टोपी आणि नारळ! मी खुर्चीतच टाळी वाजवली. पुरुषाचा मानपान चालला होता, आणि पोराचे जावळ अजून काढलेले नाही, हे त्याच्या आईने सांगितले होते. आपल्याकडे लेकराचे पहिले केस काढायचे तर ते मामाच्या मांडीवर. आणि मामा तर आमच्या ठाण्याच्या बाकावर बसून होता!

बाप पुन्हा समोर. मी चहा मागवला आणि सहज विचारले, “काय हो, जावळ उरकलं का पोराचं?”

माझा अनुभव असा की, खोटे बोलणाऱ्याला प्रश्न छोटा विचारावा. उत्तर तो लांबवतो. “जावळाचं काय साहेब, कुणाच्याबी मांडीवर होतंय. मानलेला मामा बसवला की झालं. म्या आईला तेच म्हणलं, पण ती सख्ख्या मामाबिगर कात्री...” आणि तो थांबला. कपाळावरचा गॉगल घसरून नाकावर आला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला सकाळीच जबाबासाठी ठाण्यात बसवले. जबाब चालू असताना मोबाइल बंद, ही ठाण्याची शिस्त. जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या रायटरचे अक्षर फार सुंदर होते, आणि फार सावकाश.

इकडे पाचोडला आम्ही गळाला मामा लावला. बाजाराच्या तोंडाशी चहाच्या हॉटेलात त्याला बसवले. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आमची महिला शिपाई, आणि धोतर नेसलेला मी.

म्हातारी थेट मामावर चालून आली. “आलास व्हय रं! भाच्याचे केस डोळ्यांवर आले अन् मामाचा पत्ता नाय! तुमचं भांडण कोर्टात, लेकराच्या जावळानं कुणाचं काय खाल्लं?”

मामा उठून तिच्या पाया पडला.

“अन् ह्यो कोण?”

“म्या ह्याचा चुलता. ही सूनबाई,” मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “चुलत्या, पोट लई सुटलंय तुझं. ए हाटेलवाल्या, चहा कर रं पाव्हण्यांस्नी!”

चहा पिऊन आम्ही तिच्यामागून निघालो. पोराच्या आईला घेऊन जीप लांबून येत होती. बाभळीखाली घोंगडीच्या झोळीत पोरगा झोपला होता. मी आदेश काढून ओळख सांगितली, तशी तिने काठी उगारली. “पोलीस व्हय? अन् माझा चहा प्यालास!”

मग ती मटकन खाली बसली. “कोर्टानं नवरा-बायकू तोडली. मला इचारलं का कुणी?”

मी आदेशाची घडी करून खिशात ठेवली.

आईला जीपमधून आणले. पोरगा जागा झाला, त्याने तिच्याकडे टक लावून पाहिले आणि तो आजीच्या पाठीमागे लपला. आईचा चेहरा मला बघवेना. ती जवळ गेली नाही. तिथेच मातीत बसून हळूच म्हणाली, “पिल्या, चल, घरी मनीमाऊ वाट बघतीय.” तो डोकावला. मग धावत येऊन त्याने तिचा पदर मुठीत धरला.

म्हातारीने टॉवेल-टोपी मामापुढे केली. मी आईला म्हणालो, “ताबा तुमचा. तुम्ही म्हणाल तसं.”

तिने पोराच्या डोळ्यांवर आलेले केस मागे सारले. मग भावाला म्हणाली, “दादा, घाल मांडी.”

न्हावी कुठून आणणार? पोराच्या थोरल्या चुलत्याने लोकर कातरायची कात्री पाण्याने धुतली. पहिली बट पडेपर्यंत आमची शिपाई डोळे मिटून होती. पंचनाम्यात मला ‘मुलाचे केस नुकतेच कापलेले’ असे लिहावे लागले.

न्यायालयाने बापाला चांगलेच फैलावर घेतले. त्याच्या भेटी कोर्टाच्या आवारातल्या खोलीत, देखरेखीखाली सुरू झाल्या. आजीला नातू भेटावा, ही मागणी मात्र आईने आपणहून केली, आणि ती मान्य झाली.

घटस्फोटाचा आदेश फक्त नवरा-बायकोला लागू होतो. मामाला आणि आजीला कुणी घटस्फोट देत नाही. हे मी शिकलो, ते कायद्याच्या पुस्तकात नव्हते. नंतर अशी तक्रार आली की मी तरुण अधिकाऱ्यांना एवढेच सांगत असे: ज्याने मूल पळवले त्याच्यामागे धावू नका. त्या मुलावर कुणाचा जीव आहे ते शोधा. मूल तिथेच असते.