खुर्ची आडवी ठेवली तेव्हा

माझ्या आईला मी तीन महिने इंग्रजीत आजारी ठेवलं. हे वाक्य मी रागाने लिहिते आहे, आणि राग माझा माझ्यावरच आहे.

बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. अर्धांगवायू. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं, सगळं आई एकटी करायची. मदतीला गेलं की "तुला नाय जमायचं" म्हणून हुसकावून लावायची. उन्हाळ्यात बाबा गेले, तेव्हा अख्ख्या गावाने तिचं कौतुक केलं. सेवा करावी तर अशी, असं चर्चच्या आवारात चार बायका एकाच दिवशी म्हणाल्या. आई मान खाली घालून ऐकत राहिली.

चर्चमध्ये बाबांसाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला आणि तिचं जेवण सुटलं. भाताचे दोन घास पाण्याबरोबर ढकलायची आणि ताट बाजूला सारायची. वसई तालुक्यात, राजोडीच्या अलीकडे आमचं गाव, घरामागे भाताची शेतं. पंचावन्न पावसाळे जिने लावणी चुकवली नाही, ती त्या वर्षी बांधावरसुद्धा गेली नाही. घरात बोलणं "हो" आणि "नाय" एवढ्यावर आलं. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शरीरात काही सापडलं नाही. ते म्हणाले, "वजन असंच उतरत राहिलं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल. त्याआधी मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

मी वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही. माझा स्वभाव बघता त्यात कोणाचं तरी भलंच झालं असणार. तर अशी मी; आईसाठी सगळ्यात चांगलं ते शोधलं. शहरातलं क्लिनिक, काचेचा दरवाजा, भिंतीवर प्रमाणपत्रं. तिथली समुपदेशक बाई सभ्य होती, हुशार होती, पण तिला मराठी येत नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, मी आहे ना.

आणि मी होतेच. दर आठवड्याला आईच्या आणि तिच्या मधल्या खुर्चीत. आई दहा वाक्यं बोलायची, मी त्यांची दोन करायची, स्वच्छ, इस्त्री केलेली. एखादं वाक्य मला लाजिरवाणं वाटलं की गाळूनच टाकायची. वर्गात एखाद्या मुलाने असं भाषांतर केलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

आईचं तिथे एक विचित्र चालायचं. आत गेली की ती खुर्ची फिरवून आडवी ठेवायची, त्या बाईकडे तोंड न करता भिंतीकडे बघत बसायची आणि डोक्यावर पदर घेऊन पुटपुटायला लागायची. "लेकीला उलट बोलले. शेजारनीची निंदा केली. एका रविवारी मिस्सा चुकवली." एवढं झालं की गप्प. मग नुसती वाट बघत बसायची. कशाची, ते आम्हा दोघींनाही कळायचं नाही. मी ओशाळी होऊन म्हणायची, "आई, नीट बस ना, त्यांच्याकडे बघून बोल." समुपदेशक बाईने कागदावर लिहिलं की आई नजर टाळते, स्वतःला फार दोष देते. लिहिलं ते खोटं नव्हतं. पण त्याचं पुढे काय करायचं ते कोणालाच सुचलं नाही.

शेवटी तिने एक वही दिली. रोज आनंदाच्या तीन गोष्टी लिहायच्या. पहिल्या दिवशी आईने लिहिलं, "लाइट आली." दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात दिली. "तू टीचर हायेस. तूच लिव."

तीन महिन्यांत वजन आणखी चार किलो उतरलं. डॉक्टर आता माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता फाईलकडे बघायला लागले होते. त्यांनीच सांगितलं, वसईत जुन्या बाजाराजवळ एक समुपदेशक बाई बसते, इथलीच आहे, मराठीत बोलते, एकदा जाऊन या. मी नाक मुरडलं. मराठीत बोलायला काय, गप्पा तर घरीही होतात. पण दुसरा उपाय उरला नव्हता.

ती बाई माझ्यापेक्षा लहान निघाली. शेजारच्याच गावची, हिंदू घरातली. काचेचा दरवाजा नव्हता, एका जुन्या घराची पुढची खोली होती. आई बसल्यावर तिने आजाराचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं भात कापून झाला का?"

"वरचा झाला," आई म्हणाली. "खालचा अजून हिरवा हाय. यंदा पानी उशिरापर्यंत होता."

तीन महिन्यांत तिने विचारल्यापेक्षा जास्त दिलेली ही पहिली माहिती. मला इतका आनंद झाला की मी लगेच मध्ये पडून आमच्या शेताचा सगळा इतिहास सांगायला घेतला. त्या बाईने मला बोलू दिलं. आणि मग आईने तेच केलं. उठली, खुर्ची आडवी फिरवली, पदर डोक्यावर घेतला आणि सुरू झाली. "लेकीला उलट बोलले..."

बाईने पेन खाली ठेवलं. क्षणभर बघितलं. मग स्वतःची खुर्ची उचलून आईच्या शेजारी आणली, तीही आडवी, भिंतीकडे तोंड करून, कान आईच्या बाजूला. आणि मान न वळवता मला म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"अहो, पण तिचं बोलणं तुम्हाला..."

"मला समजतं त्यांचं. आणि कन्फेशनला लेकीला बरोबर घेऊन कोणी जातं का?"

मी बाहेर आले. माझा असा काही भडका उडाला होता की सांगता सोय नाही. मला, जिने आईला इथवर आणलं तिला, चपला काढायच्या जागेशेजारी बाकावर बसवलं! पिशवीत सहावीचे पेपर होते, ते काढले आणि लाल पेनने तपासत सुटले. त्या दिवशी त्या मुलांवर घोर अन्याय झाला. नंतर मी ते सगळे पेपर पुन्हा तपासले.

पण डोकं थंड झाल्यावर शरमेने मेले. मी जन्मापासून कॅथलिक. दर महिन्याला कन्फेशनला जाणारी. जाळीपलीकडच्या फादरांना तोंड न दाखवता बाजूने बोलायचं, केलेली पापं एकामागून एक सांगायची आणि ते काय प्रायश्चित्त देतात त्याची वाट बघायची, हे मला शिकवलं कोणी? आईनेच. परक्या माणसाला मनातलं सांगायची तिची आयुष्यातली एकमेव जागा ती. म्हणून तिने तिथलीच रीत इथे आणली होती. आणि ते ओळखलं कोणी, तर लहानपणी शनिवारी मैत्रिणी कन्फेशनच्या रांगेत असताना चर्चच्या पायरीवर त्यांची वाट बघत बसणाऱ्या एका हिंदू मुलीने. हे तिनेच मला नंतर हसत सांगितलं. आईला तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं, "मावशी, मी फादर नाही. मला माफी देता येत नाही. पण इथं पाप नसलेलंही सांगता येतं."

मग दर मंगळवारी मी बाकावर आणि आई आत. आत काय चालतं ते मला कोणी सांगेना. मी आडून विचारलं तर आई म्हणायची, "तुला काय करायचंय?" खरं सांगते, मला हेवा वाटायचा. पाचव्या मंगळवारी दारातून आईचं रडणं ऐकू आलं. मोठ्याने, गळा मोकळा सोडून. बाबांच्या अंत्यविधीलाही ती अशी रडली नव्हती. मी उठले, दाराच्या कडीला हात लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मागे घेतला. परत येताना आईने बाजारात रिक्षा थांबवायला लावली, सुके बोंबील घेतले, कोळणीशी भावावरून हुज्जत घातली आणि घरी येऊन चटणीशी दीड भाकरी खाल्ली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजत होते.

नाताळच्या आधीच्या रविवारी तिने आणखी एक धक्का दिला. बाबा गेल्यापासून ती कम्युनियनच्या वेळी, सगळे फादरांकडून पवित्र भाकर घ्यायला रांगेत जात तेव्हा, जागेवरच बसून राहायची. मोठं पाप कबूल केल्याशिवाय ती घ्यायची नसते, पण मी समजत होते गुडघे दुखतात. त्या दिवशी ती उठली, माझे पाय बाजूला सारले आणि ताठ मानेने रांगेत जाऊन उभी राहिली. मी काही विचारलं नाही. एवढं तोवर शिकले होते.

जानेवारीत एका सकाळी आई घरापुढच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. पलीकडच्या गल्लीतली सून येऊन बसली. तिची सासू तीन वर्षं पडून आहे. आई म्हणाली, "कशी हायेस?" ती म्हणाली, "चाललंय काकी. सेवा करतेय. देवाची कृपा."

"खरं बोल," आई म्हणाली.

मग आईने शेंगा सोलता सोलता, हात न थांबवता, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "माझा नवरा पडून होता ना, तवा एका दुपारी रोझरीची माळ हातात धरून मी देवाला बोलले, आता घेऊन जा त्याला. मी थकले. दुसऱ्या दिवशी गेला तो. मला रडू आलं, आन सुटल्यासारखंबी वाटलं. ते फादरला सांगायला जायचं तर पश्चात्ताप पायजे. तो मला होतच नव्हता. मंग माफी कशी मागू? मला वाटलं, मीच मारला त्याला. जेवन घशाखाली उतरंना. मंग त्या बाईनं माझ्याकडून ते बोलून घेतलं. थकनं हे पाप नाय, बोलली. नंतर फादरला सांगितलं, तेबी तेच बोलले."

मी दारात उभी होते. ज्याच्यापायी माझी आई माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती, ते मला असं, वालाच्या टोपल्यापाशी कळलं. आणि मला तिचा विलक्षण अभिमान वाटला. सगळं गाव जिला सेवेचं उदाहरण म्हणून दाखवायचं, ती भर सकाळी, चारचौघांत, ते उदाहरण स्वतःच्या हाताने मोडत होती.

सून रडायला लागली. "काकी, मीबी मागते," ती म्हणाली. "रोज मागते."

"माग," आई म्हणाली. तिने टोपलं माझ्याकडे सरकवलं, उठून पदर कमरेला खोचला. "आन आता इथंच दोन घास खा आन आडवी हो. तुझ्या सासूजवळ मी बसते."

तिने उत्तराची वाट बघितली नाही. पायऱ्या उतरून पलीकडच्या गल्लीकडे चालू लागली. मी भात वाढायला आत गेले.