नातीसाठी चेरीचं झाड

सहा वर्षांच्या नातीला अंगणात चेरीचं झाड हवं होतं, म्हणून मी अकोल्यातल्या एका नर्सरीत गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बाई बोलता बोलता रोपांची पिवळी पानं हलक्या हातानं खुडत होत्या. मी चेरीचं रोप उचललं. नातीसाठी आहे म्हटल्यावर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

"हे थंड मुलखातलं झाड हाये, भाऊ. आपल्या उनात मरते. मंग लेकराले वाटते का आपलंच काई चुकलं."

त्यांनी आपल्याकडच्या उन्हात तगणाऱ्या सिंगापूर चेरीचं रोप दिलं. दुसऱ्या वर्षी त्याला लाल फळं लागली. मूठभर फळं घेऊन आम्ही दोघं नर्सरीत गेलो. बाईंनी मला ओळखलं नाही. फळं पाहून मात्र त्यांनी नातीला जवळ ओढलं.

"तूच लावलं काय वो, माय?"

नातीनं ऐटीत मान हलवली.