बिनआवाजाची गाडी आणि भावजींची घंटी

अक्काला पुण्याला आणायचंच, असं ठरवून मी सोलापूरची एसटी धरली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भावजी जाऊन वर्ष झालं होतं आणि बाळी वेशीतल्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. इकडे लेक परदेशी गेल्यापासून माझीही एक खोली रिकामीच. तिथे नवा पलंग टाकला, पडदे शिवले, अक्काच्या पूजेसाठी कोपऱ्यात लाकडी देव्हारासुद्धा ठेवला. सगळ्यांना सांगत होते, ‘तिची काळजी वाटते हो.’ पण खरं सांगू? मलाच ती हवी होती. नवरा आहे, पण तो बातम्यांचा. संध्याकाळच्या चहाला समोर आपलं माणूस असावं, दोन शब्द उणेदुणे बोलावेत, एवढीच माझी हौस.

जाणार असाल तर स्वारगेटहून सकाळची गाडी धरा. आम्हा बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे उरलेल्या पैशांत वाटेतला चहा फुकट मिळाल्यासारखा वाटतो. टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी थांबते. तिथला चहा घ्या, भजी घेऊ नका, मी भोगलंय. फेब्रुवारी संपत आला की सोलापूरचं ऊन पाहुण्यांची गय करत नाही, तेव्हा टोपी आणि पाणी जवळ ठेवा. स्टँडवर रिक्षात बसायच्या आधीच भाडं ठरवा, उतरताना वाद घालण्यात मजा नाही.

अक्काच्या अंगणात पाऊल टाकलं आणि थबकलेच. एक हिरवी तीनचाकी सायकल उभी होती, मागे ही मोठी पांढरी पेटी.

“हे काय गं?”

“गाडी हाय की,” अक्का म्हणाली. “बचत गटातनं घेतली. पॅडल मारायचं, जड गेलं की मोटर ढकलती. बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावायची. उन्हात ठेवायची न्हाय बरं का, लई नाजूक हाय ती.”

अक्का आणि शेजारच्या दोघी मिळून कडक भाकरी करतात. ज्वारीची, पापडाएवढी पातळ, आठवडाभर टिकणारी. त्या भाकरी गावभर पोचवायचं काम भावजींचं. सायकलच्या कॅरियरला डबा बांधून ते निघायचे. कुणाला फोन नाही, कुणाची चिठ्ठी नाही. गल्लीच्या तोंडाशी घंटी दोनदा वाजवायची, जरा थांबायचं, मग एकदा. ती खूण ऐकली की बायका गॅलरीतून बोटं दाखवायच्या, पाच म्हणजे पाच, दोन्ही हात म्हणजे दहा.

ती सायकल भिंतीला टेकून उभी होती. पुसून लख्ख केलेली, चाकात हवासुद्धा होती, पण हँडलवरची घंटी गायब.

“घंटी कुटं गेली गं?” सोलापुरात शिरलं की माझीही जीभ आपोआप वळते.

“कळंल की उद्या. आधी जेव.”

जेवायला आमटीत कडक भाकरी चुरून, वर दह्यात कालवलेली शेंगा चटणी. बाहेर खाणार असाल तर हॉटेलात भाकरी चुरून द्या असं सांगायला लाजू नका, इथे तीच रीत आहे. मी हात धुता धुता पुण्याचा विषय काढला. पलंगाचं सांगितलं, पडद्यांचा रंग सांगितला.

अक्का ताटं गोळा करत म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर फेरीला चल. मग बोलू.”

मला वाटलं, जिंकले! रात्री मनातल्या मनात तिच्या साड्याही कपाटात लावून झाल्या.

सकाळी पेटी भरायला बसलो. तळाला जुनी सोलापुरी चादर, भाकरीचा थर, परत चादरीची घडी, परत थर. पेटीवर अक्कानं भस्माची तीन बोटं ओढली. आणि नव्या गाडीच्या हँडलवर बघते तर काय, भावजींची घंटी!

“पयल्या दिवशी अशीच गेले,” ती म्हणाली. “गाडीला आवाजच न्हाय. गल्लीत शिरले काय, भायेर पडले काय, कुणाला पत्ता न्हाय. ओरडायची मला लाज. भरली पेटी तशीच घेऊन आले आन् हितं पायरीवर बसून रडले. मग पान्हा घेतला आन् ह्यांच्या सायकलीची घंटी काढून हिला लावली.”

गाडीवर दुसऱ्या माणसाला जागा नाही, म्हणून मी भावजींची सायकल काढली. पन्नाशीला आलेली बाई, मधे दांडी असलेली सायकल आणि मडगार्डचा खडखडाट! मोटर तिच्याकडे आणि धाप माझ्याकडे. कन्ना चौकात एक रिक्षावाला ओरडला, “संभाल के खाला, ब्रेक है ना उसको?” अक्का हसली नाही असं नाही. गतिरोधक आला की मात्र ती खाली उतरायची आणि गाडी हळूच ढकलत पलीकडे न्यायची. एक धक्का बसला तर पेटीत नुसता चुरा, आणि चुरा विकत कोण घेणार?

अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांची खटखट सुरू झाली. टॉवेल, चादरी घ्यायच्या तर याच भागात घ्या, स्वस्त पडतात. अक्कानं घंटी वाजवली. दोनदा, मग एकदा. डोळे मिटले असते तर भावजीच आले म्हटलं असतं. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, “अक्का, पदि!” तेलुगूत पदि म्हणजे दहा. मागोमाग दोन हात दिसलेच.

पुढच्या घराच्या बोळात खाटेवर नरसय्यामामा बसले होते. जन्मभर मागावर काम केलेले, आता डोळ्यांनी दिसत नाही. घंटीबरोबर त्यांनी मान वर केली.

“शिवप्पा आला का? शिवप्पा, आज लई उशीर केलास. आन् आज सायकल बी वाजायलीय.”

शिवप्पा म्हणजे आमचे भावजी. मी सायकल भिंतीला टेकवली.

अक्का पुढे झाली. “व्हय मामा, आलेत. किती देऊ?”

मामांची सून मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “आम्ही सांगितलं होतं हो, ते गेले म्हणून. मामा लई रडले. दुसऱ्या दिवशी विसरले. परत सांगितलं, परत तसंच रडले. मग सांगायचं सोडून दिलं.”

फेरी संपत आली तेव्हा आम्ही रसवंतीच्या सावलीत बसलो. मला राहवेना. “अक्का, रोज हे कसं ऐकतेस गं? त्रास होत नाही? चल ना माझ्याबरोबर, सुटशील यातून.”

तिनं ग्लास खाली ठेवला.

“तुला म्हाईत हाय, मी ह्यांचं नाव घेत न्हाय. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता घरात हाक मारणारं कुणी न्हाय, दारात विचारणारं कुणी न्हाय. अख्ख्या दिवसात एकदा, त्या बोळात, कुणीतरी ह्यांना नावानं हाक मारतंय. तेवढ्यासाठी जाते मी. भाकरी काय, कुणीबी पोचवंल.” मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “पुण्यात कोण मारंल गं हाक?”

पलंग, पडदे, देव्हारा, सगळं गिळलं. रसवंतीवाल्यासमोर मी ढसाढसा रडले आणि अक्काच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. न्यायला आलेली मी, समजूत माझीच काढायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर तलावावर जाऊन आलो. तुम्हीही जा, ऊन उतरल्यावर जा. संध्याकाळच्या एसटीत बसवून देताना अक्कानं चादरीच्या तुकड्यात बांधलेल्या भाकरी मांडीवर ठेवल्या. “मांडीवरच धर, वर रॅकवर टाकू नको,” एवढंच म्हणाली. गाडी हलली तरी ती जागची हलली नाही.

आता पुण्यात आहे. आमच्या सोसायटीतही विजेच्या गाड्यांवरून सामान येतं. आवाज नाही, हाक नाही. मोबाईल थरथरतो, दार उघडावं तर पिशवी ठेवलेली आणि आणणारा लिफ्टमधून खालीसुद्धा गेलेला. मी उगाच गॅलरीत जाऊन वाकून बघते. खोलीतला पलंग तसाच आहे. अक्का सुट्टीला येईन म्हणालीय, पण मी चादर काही घालून ठेवलेली नाही. मन लागत नाही.

काल सकाळी तिच्या फेरीच्या वेळेला मी फोन लावला. तिनं उचलला. मागे मागांची खटखट ऐकू येत होती.

“बोल की. गाडीवर हाय मी.”

“घंटी वाजव,” मी म्हटलं.

“खुळी हायस का?”

“वाजव गं.”

वाजली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. मी गॅलरीत उभी होते. खालचे लोक बघतील तर बघू देत म्हटलं आणि घसा फोडून ओरडले, “शिवप्पाभावजी आले का?”

मागांच्या खटखटीतून अक्काचा आवाज आला, ओला झालेला.

“व्हय. आलेत की. किती देऊ?”

“पदि,” मी म्हटलं.