मूठभर जुनी माती

चेन्नईत उतरताच पहिली गाठ पडली ती एका पोलिसाशी. स्टेशनाच्या दारात त्याने माझ्या पिशवीतून तपकिरी भुकटीचा पुडा काढला आणि हिंदीत विचारले, काय आहे. "बुरशी," मी म्हणालो, आणि कळले नसेल म्हणून ती शिळ्या भाकरीवर कशी चढते याचा अभिनयही करून दाखवला. त्याने पुडा दोन बोटांनी परत केला आणि हात पँटला पुसले.

माझी बुरशी मात्र मुळांत राहणारी, झाडाच्या कामाची. चेन्नईतल्या मैलापुरात माझे मित्र नारायणराव गच्चीवर वांगी लावत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांनी धरलेल्या बियाण्याची शेवटची अकरा रोपे त्यांच्या पत्नीने, सुंदरावहिनींनी, लावली, आठ वाळली. उरलेल्या तीन रोपांसाठी मी सांगलीहून आलो होतो.

"आलां? बसां," वहिनी म्हणाल्या. घराणे तंजावरचे, मराठी जुन्या पोथीसारखी. रसम-भात वाढताना म्हणाल्या, "मागल्या खेपेहून दुप्पट झालांत की."

"सगळा दोष तुमच्या इडलीचा," मी म्हणालो आणि पुन्हा भात घेतला.

मग मोट्टैमाडीवर (गच्चीवर) गेलो. समुद्र जवळ, बोअरचे पाणी जिभेवर ठेवले तर खारट. तिन्ही रोपांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या.

"ह्याच पाण्यावर त्यांचीं वांगीं वाढत. माझ्यावरच काय राग?"

प्रेक्षक मिळाला की मला आवरत नाही. उलट्या बादलीवर बसून मी बुरशी झालो, दहाही बोटे पसरली. "मूळ पोचत नाही तिथे माझे धागे जातात. ओल आणतात, खत आणतात, मिठाला दारातच अडवतात. झाड मला साखर देते. फुकट कोण राबतो?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "ही पुड्यांतच मिळते कां?"

"छे! जुन्या मातीत असतेच. नारायणराव नव्या रोपाखाली त्या जुन्या कुंडीतली मूठभर माती टाकत ना? ते रोपाला सोबत देत होते."

वहिनींचे हसू थांबले.

"ती कुंडी मीं टाकली," त्या म्हणाल्या. "तेराव्यानंतर गच्ची धुवून घेतली. जुनें मण्णु (माती) सारें कचऱ्यांत. नवें विकत आणलें, स्वच्छ. मज ठाऊक नव्हतें की." एक करपलेले पान खुडत म्हणाल्या, "मीच मारलीं म्हणा."

"पाणीच खारट, वहिनी. त्यात हे ऊन..."

"आतां खोटें नको. मघां चांगलें सांगत होतां."

आम्ही मुळांशेजारी काडीने भोके पाडून भुकटी घातली. वहिनींनी ती हाताने बुजवली. बुरशी मुळांत रुजायला काही आठवडे लागतात. रोपांपाशी तेवढे दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी एकाने मान टाकली, चौथ्या दिवशी दुसऱ्याने.

निघताना त्यांनी दहीभाताचा डबा दिला. "चाळीस वर्षें ते ती मूठ टाकीत," त्या म्हणाल्या. "कां, म्हणून मीं कधीं विचारलेंच नाहीं."

तिसरे रोप मी घरी पोचल्यावर आठवड्याने गेले. वहिनींनी फोनवर एवढेच सांगितले आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. इथे मंडळी विचारतात, चेन्नईत काय पाहिलेस. मी देवळे सांगतो, समुद्र सांगतो, पोलीस तर साभिनय सांगतो. बादलीवरचा खेळ इथे लिहिला आहे; करून मात्र अजून कुणाला दाखवलेला नाही.